पोरगा येत नसेल तर तुम्ही या

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की घरात कुणी मनाने आजारी असेल, नशेत अडकलं असेल तर लिहा, नाव छापणार नाही. तर पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून इतकं आलंय की सगळ्याला उत्तर देणं या जागेत होणार नाही, पाच घेतलेत. एक आधीच सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही. एका छोट्या ट्रस्टमध्ये दर शनिवारी दुपारी घरच्या लोकांचा गट बसतो, पेशंटचा नाही, घरच्यांचा, तो मी चालवते. शाळेच्या वर्गात बसतो आम्ही, तिसरी-चौथीच्या बाकांवर, गुडघे वर करून. माझ्या स्वतःच्या भावामुळे मी यात आले, ते पुढे येईलच.

ताई, मुलगा 19 चा आहे. नीटचा एक ड्रॉप झाला, मार्क कमी पडले, दुसरा ड्रॉप घेतला पण दिवाळीपासून क्लास बंद. दिवसभर झोपतो, रात्रभर जागतो, ताट दाराशी ठेवावं लागतं, चार-चार दिवस आंघोळ नाही. हे म्हणतात तू लाडावून ठेवलं. जाऊबाई म्हणते कुणीतरी केलं असेल, उतरवून आणा. डॉक्टरकडे चल म्हटलं की ओरडतो, मी काय पागल आहे का. आता मलाच रात्र रात्र झोप येत नाही. — एक आई, नंदनवन

ताई, तुमची शेवटची ओळ तुम्हीच परत वाचा. झोप येत नाही हे तुमचं दुखणं आहे, त्यासाठी पोराची परवानगी लागत नाही. तो येत नाही ना, मग तुम्ही जा. नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीत स्वतःच्या नावाचा केसपेपर काढा, मेयो या दुसऱ्या सरकारी हॉस्पिटलात काढा, मिहानकडचं एम्स जवळ पडत असेल तर तिथे, आणि डॉक्टरला सांगा की मला झोप नाही कारण घरात असं असं चाललंय. लोकांना वाटतं पेशंट उचलून नेल्याशिवाय सुरुवातच होत नाही. आमच्या गटात जी पोरं आज बरी आहेत त्यातली निम्मी तरी अशी की आधी आई येऊन गेली, मग महिन्या-दोन महिन्यांनी बाप आला, कुठे मोठी बहीण आली, आणि पोरगा सगळ्यात शेवटी, तेही "मी फक्त गाडीवर सोडायला आलोय" म्हणत.

एवढंही जमत नसेल तर 14416 लावा. टेली मानस म्हणतात त्याला, केंद्र सरकारचं आहे, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते, तिथे पेशंटनेच बोलायला पाहिजे असं काही नाही, आईने फोन केला तरी चालतं. रात्री दोन वाजता तुम्ही छताकडे पाहत पडलेल्या असता ना, तेव्हा लावा.

"मी काय पागल आहे का" याचा राग नका धरू. आपल्या नागपुरात छावणीतल्या चौकालाच लोक पागलखाना चौक म्हणतात, ऑटोवाल्याला तेच सांगावं लागतं, प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटलं तर तो तोंडाकडे बघतो. 1864 पासूनचं हॉस्पिटल आहे ते, आणि इतक्या वर्षांत आपण त्या नावाने पोरांना भेवाडायचंच काम केलंय, अभ्यास कर नाहीतर तिथे नेऊन टाकीन म्हणून. मग तो दुसरं काय म्हणणार. त्यामुळे "डॉक्टरकडे चल" हे वाक्य सध्या बंदच करा. अभ्यास, फॉर्म, पुढच्या वर्षीचं काय, समोरच्यांचा पोट्टा एमबीबीएसला लागला, हेही सगळं बंद.

मग बोलायचं काय? मानेवाड्याकडची एक बाई आमच्याकडे यायची, तिचंही असंच, दार बंद. एप्रिलचे दिवस, पारा त्रेचाळीसच्या वर. तिने ठरवलं की दिवसातून एकच वाक्य बोलायचं आणि ते अभ्यासाचं नसलं पाहिजे. तर ती रोज दुपारी दाराबाहेरून विचारायची, कूलरमध्ये पाणी टाकू का रे. आठ-नऊ दिवस उत्तर नाही, ती आपली बाल्टी घेऊन जायची, पाणी टाकायची, परत यायची, आत गेल्यावर त्याच्या गादीकडे पाहायचंसुद्धा नाही असं तिने ठरवलं होतं. दहाव्या की अकराव्या दिवशी आतून आवाज आला, "टाक". त्या शनिवारी गटात येऊन ती हे सांगताना इतकी हसत होती आणि रडत होती की आम्हाला आधी कळेचना काय झालं, पास झाला की काय. डॉक्टरकडे तो त्यानंतर सात आठवड्यांनी गेला.

तुमच्या मुलाला नेमकं काय झालंय ते मी सांगू शकत नाही, कुणी पत्रावरून सांगितलं तर विश्वासही ठेवू नका. डिप्रेशन असेल, नापास झाल्याची लाज आणि रात्रभर मोबाईल एवढंच असेल, किंवा मोठ्या आजाराची सुरुवात असेल, कारण मोठे मानसिक आजार बहुतेक करून याच वयात, पंधरा ते पंचविशीत डोकं वर काढतात. म्हणून लक्ष ठेवा. तो एकटाच कुणाशी तरी बोलतो का, आवाज ऐकू येतात म्हणतो का, घरचेच जेवणात काही घालतात असा संशय घेतो का, दोन-तीन दिवस सलग झोपलाच नाही असं होतं का, जेवण पार बंद झालंय का, मरणाची भाषा आहे का. यातलं काहीही असेल तर मग ते कूलर-बिलर राहू द्या, त्याच दिवशी हॉस्पिटल, रात्र असेल तर कॅज्युअल्टी.

जाऊबाईंचं म्हणाल तर, आपण सगळेच पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडा पिडा घेऊन जा गे मारबत ओरडतो, मीही महालात उभी राहून ओरडते, मजा येते. देवाधर्माला माझी ना नाही. पण उतरवणाऱ्याकडे पोराला मारणं, धूर देणं, उपाशी ठेवणं असलं काही दिसलं तर तिथून उठून या, 2013 पासून महाराष्ट्रात त्याच्याविरुद्ध कायदा आहे. आणि यजमानांना एकदा गटात पाठवा. बाप लोक येत नाहीत, आले तर दाराजवळच्या बाकावर बसतात, लवकर निघता यावं म्हणून. चालेल, तिथेच बसू द्या.

माझा मोठा भाऊ 26 वर्षांचा, आधी दारू होती, आता एमडी (मेफेड्रोन) या नशेची पावडरपण करून राहिला आहे असं मित्रांकडून कळलं. एका व्यसनमुक्ती केंद्रवाल्यांनी सांगितलं की आमची माणसं रात्री घरून उचलून नेतील, सहा महिने भेटायचं नाही, फोन नाही, सुधरूनच पाठवू. आई तयार आहे. मला बरोबर वाटत नाही पण मी लहान, माझं कोण ऐकणार. — बहीण, हिंगणा रोड

तुझं ऐकायला पाहिजे. आमच्या घरी माझं कुणी ऐकलं नव्हतं. मी तेव्हा चोवीसची होते, भावाला अशाच एका ठिकाणी टाकलं, नाव घेत नाही, आता ते बंदही झालंय. पंधरा दिवसांनी भेटायला गेलो तर डोकं भादरलेलं, अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट, आणि हातात झाडू. मी विचारलं डॉक्टर कधी येतात, तर तो म्हणाला कोणते डॉक्टर. चार महिन्यांनी बाहेर आला त्या संध्याकाळीच प्यायला, आणि त्यानंतर पाच वर्षं "उपचार" हा शब्द काढला की घरातून निघून जायचा. पैसे गेले ते गेले, विश्वास गेला तो परत आणायला मला जास्त वर्षं लागली.

आता कायदा ऐक आणि आईला वाचून दाखव. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चा, मे 2018 पासून लागू आहे. दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास त्यात येतात, म्हणजे अशा केंद्राला नोंदणी लागते. माणूस स्वतः तयार नसेल आणि खरंच भरती करावं लागत असेल तर दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासायला पाहिजे, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि तीही भरती पहिल्यांदा जास्तीत जास्त 30 दिवसांची, पुढे ठेवायचं तर परत सगळी तपासणी. रात्री चार पैलवान येऊन उचलून नेतात याला कायद्यात जागा नाही. फोन करण्याचा, भेटण्याचा हक्क पेशंटला आहे. जबरदस्तीने केस कापायचे नाहीत आणि कामाला जुंपायचं नाही, हेसुद्धा त्या कायद्यात लिहिलंय, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान बंद करून ठेवलं थोडा वेळ.

तर त्या केंद्रवाल्यांना फोन लाव आणि विचार, नोंदणीचा कागद दाखवता का, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात आणि त्यांचं नाव काय, रात्री नर्स असते का, घरच्यांना कधी भेटता येतं, आणि बाहेर आल्यावर पुढच्या वर्षभराचं तुमच्याकडे काय आहे. शेवटच्या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याकडे नेऊ नकोस. चांगली ठिकाणं आहेत की, पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून चालू आहे, तिथे घरच्यांनाही कामाला लावतात, म्हणजे झाडू नव्हे, समजून घ्यायचं काम. पण एवढ्या लांब जायच्या आधी 14446 लाव, नशेसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे ती, जवळची अनुदान मिळणारी केंद्रं सांगतात. पोलिसांची भीती असेल तर तेही सांगते, एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम 64अ आहे, थोड्या प्रमाणातल्या मालाच्या केसमध्ये अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि तो पूर्ण केला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. याबद्दल वकिलाशी बोलून घे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात फुकट सल्ला मिळतो.

एक फार महत्त्वाचं, दारू रोजची आणि जास्त असेल तर घरात कोंडून एकदम सोडवायला जाऊ नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, माणूस भ्रमात जातो, हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, त्यात जीवही जातो. दारू सोडवणं हे डॉक्टरच्या हाताखाली व्हायला पाहिजे. शपथ, माळ, पोराच्या डोक्यावर हात हे त्याच्या नंतर.

आणि तू स्वतः अल-अॅनॉनच्या मीटिंगला जा. दारुड्याच्या घरच्यांची आहे ती, फी नाही, नाव विचारत नाहीत. भावाची बाटली शोधत गाद्या उलट्या करणं, त्याच्या उसनवारीचे पैसे फेडणं, ऑफिसात "त्याला ताप आहे" म्हणून खोटं सांगणं, हे सगळं मी केलेलं आहे, तूही करत असशील. तिथे जाऊन ते हळूहळू सुटतं. भाऊ नंतर परत घसरला तर समज की आजार उलटला, शुगर वाढल्यावर आपण कुणाला घरातून काढत नाही.

मुलीच्या डिप्रेशनच्या गोळ्या सुरू आहेत, पाच महिने झाले, आता हसते-खेळते. गोळ्यांची सवय लागते म्हणतात, बंद करू का? — वडील, प्रतापनगर

नका करू. म्हणजे स्वतःच्या मनाने नका करू. बऱ्या वाटण्याचं कारण त्या गोळ्याच आहेत. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही साधारण सहा-नऊ महिने त्या चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात. एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोपेचं खोबरं, आणि आजार उलटायची भीती. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, त्या मेडिकल स्टोअरमधून जुन्या चिठ्ठीवर आणत राहायच्या नाहीत. दोन्हीत फरक आहे आणि तो शेजाऱ्याला माहीत नसतो.

मॅम मी अकरावीत आहे, 17 पूर्ण. मला सगळं नकोसं झालंय, कधी कधी वाटतं सकाळी उठूच नये. आईबाबांना सांगितलं तर म्हणतील मोबाईल कमी कर. त्यांना न कळता मदत मिळेल का?

बेटा, तू हे लिहिलंस, कुणाला तरी कळवलंस, हे खूप बरं केलंस. आज, हे वाचून झाल्यावर, 14416 लाव. नाव सांगायची सक्ती नाही. 1098 पण आहे, तो अठरा वर्षांखालच्या मुलांसाठीच आहे. बोलता येत नसेल तर पहिलं वाक्य मी देते, "मला उठूच नये असं वाटतं आणि मी सतरा वर्षांची आहे." पुढचं ते विचारतील.

खरं सांगते, खोटं सांगणार नाही, तू अठराच्या आत आहेस म्हणून डॉक्टरांचे पूर्ण उपचार आईबाबांशिवाय होणार नाहीत. कौन्सेलरशी बोललेलं बाहेर जात नाही, पण जीवाला धोका वाटला तर ते कुणातरी मोठ्या माणसाला सांगतीलच. त्यात तुझी चुगली नाहीये. आईबाबाच पहिले असले पाहिजेत असंही नाही, मावशी, आत्या, शाळेतल्या एखाद्या बाई, जिच्याजवळ तुला रडता येतं ती. तोंडाने सांगता येत नसेल तर हेच पत्र जे तू मला पाठवलंस ते तिला फॉरवर्ड कर, माझ्या उत्तरासकट. आणि तो विचार जोरात आला तर खोलीत एकटी राहू नकोस, बाहेर येऊन आईजवळ बस, कारण सांगितलं नाहीस तरी चालेल, नुसती बस.

मोठ्यांसाठी इथेच दोन ओळी. पोरीला सरळ विचारा, तुला मरावंसं वाटतं का. विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट तिला वाटतं चला कुणाला तरी दिसलं. आणि कुणी तसा प्रयत्न करून बसलं तर पोलीस केसच्या भीतीने हॉस्पिटल टाळू नका. त्याच 2017 च्या कायद्याच्या कलम 115 प्रमाणे असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असं धरलं जातं, शिक्षेच्या भानगडीत त्याला टाकायचं नसतं, आणि त्याची काळजी घेणं सरकारवर आहे.

मी वेकोलितून (वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोळसा कंपनी) रिटायर झालो, तब्येत ठीक, पेन्शन ठीक. या कामाला पैसे द्यायचे आहेत. कुणाला द्यावे, आणि फुकट जाणार नाहीत याची खात्री कशी करावी? — एक आजोबा, मनीषनगर

काका, आधी धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी बघा, मागच्या दोन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब मागा, 80जी ची, म्हणजे आयकरात सूट मिळणारी पावती देतात का बघा. जी संस्था हिशोब मागितल्यावर फोटो पाठवते, दीपप्रज्वलनाचे, शालींचे, तिला नमस्कार करून पुढे जा.

मग विचारा की पैसे कशाला लागतात. बहुतेक जण हॉलला देतात, पंख्याला देतात, पंख्यावर नाव येतं. आमच्यासारख्या ठिकाणी खरी अडचण पगाराची आहे. चांगली सोशल वर्कर मिळते, दोन वर्षांत शिकते, घरोघरी जायला लागते, आणि मग कुठेतरी पाच हजार जास्त मिळाले की जाते, तिने तरी काय करावं, तिलाही घर आहे. मग तिच्याकडची पंधरा-वीस घरं पुन्हा पहिल्यापासून. कुणी मला म्हणालं की एका मुलीचा तीन वर्षांचा पगार देतो तर मी त्याच्या नावाचा पंखा स्वतःच्या पैशाने लावीन. दुसरी अडचण भाड्याची. काटोल, उमरेडकडून पेशंट आणि सोबत एक माणूस यायचा तर एसटीचं तिकीट, त्या दिवसाची बुडालेली मजुरी, गोळ्या सरकारीत मिळाल्या तरी हे मिळत नाही, म्हणून तिसऱ्या खेपेला माणूस येत नाही आणि आम्ही लिहितो "पेशंटने उपचार सोडले".

आणि काका, पैशांचं झालं, पण तुम्ही लिहिलंय तब्येत ठीक आहे. ओपीडीच्या दिवशी सकाळी रांग लागते. ज्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा मानसोपचार ओपीडीचा केसपेपर काढायचा आहे ती रांगेत उभी राहून दहा वेळा इकडेतिकडे बघते, ओळखीचं कुणी आहे का, आणि तिच्या पुढे अजून सहा लोक असतील ना तर ती निघून जाते, मी पाहिलेलं आहे. तिच्यासोबत उभं राहायला माणूस पाहिजे. काही बोलायचं नाही, सल्ला तर अजिबात द्यायचा नाही, पाण्याची बाटली आणि कोणती खिडकी कुठे आहे एवढं माहीत पाहिजे. आठवड्यातून एक सकाळ, नऊ ते बारा. जमत असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. वरच्या नंदनवनच्या ताई जायला तयार झाल्या तर त्यांना मी सांगून ठेवते, पांढऱ्या शर्टातले एक काका असतील म्हणून.